फिट्सची गोळी चालू असताना शंखपुष्पी सिरप द्यावं का?

मुक्ताई
लेक दहावीला आहे. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू आहे, बऱ्याच दिवसांत फिट आलेली नाही. हल्ली वाचलेलं डोक्यात राहत नाही म्हणतो. साबांनी (सासूबाईंनी) शंखपुष्पीचं सिरप आणलंय. त्यांचं म्हणणं, झाडपाल्याचं औषध, अपाय कसला? कोणाला अनुभव? की ब्राह्मी बरी?

सह्यवेडा
ब्राह्मी द्या. भाचीला दिली होती, फरक पडला. मात्र धीर हवा. बहुतेक चाचण्यांत ती १२ आठवडे दिलेली असते. उपाशीपोटी नको, मळमळतं.

गवतीचहा
मुक्ताई, ते सिरप आज अजिबात सुरू करू नका. नेमकी हीच जोडी घातक आहे. शंखपुष्पी सिरप घेणाऱ्या फेनिटॉइनच्या रुग्णांना पुन्हा फिट्स येऊ लागल्या, म्हणून मुंबईत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी उंदरांवर तपासून पाहिलं. १९९२ साली ते प्रसिद्ध झालं. सिरपचे लागोपाठ डोस दिल्यावर रक्तातलं फेनिटॉइन घटलं आणि त्याचा असरही कमी झाला. या गोळीची मात्रा फार काटेकोर असते, जरा पातळी उतरली की फिट येऊ शकते.
शिवाय शंखपुष्पी म्हणून सगळीकडे एकच वनस्पती मिळत नाही. केरळात त्या नावाने गोकर्ण वापरतात.

सह्यवेडा
हे माहीत नव्हतं. पण मग आयुर्वेदाची औषधं कुचकामी म्हणायची का?

गवतीचहा
उलट! गुण येतो म्हणूनच जपायचं. सर्पगंधा बघा. बिहारमध्ये तिला 'पागल की दवा' म्हणत. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिनसारखी रसायनं रिती करतं. रक्तदाब उतरायचा, मन शांत व्हायचं, पण काही रुग्ण खोल नैराश्यात गेले. एका मुळीची ही ताकद आहे.
ब्राह्मीसुद्धा परस्पर नको. आणि मुक्ताई, फेनिटॉइननेही काहींचं लक्ष आणि स्मरण मंदावतं, तेव्हा 'लक्षात राहत नाही' ही तक्रार न्यूरॉलॉजिस्टना मुद्दाम सांगा. रक्तातली पातळी तपासून डोस किंवा गोळी बदलायची की नाही ते ठरवतील. तुम्ही मनाने गोळी कमी करू नका. रात्रीची जागरणं मात्र आजपासून बंद, अपुऱ्या झोपेनेही फिट येते.

मुक्ताई
खूप आभार. जागरणं चालूच आहेत, एक वाजेपर्यंत बसतो. सोमवारी अपॉइंटमेंट घेतलीय, बाटली सोबत नेते. साबांना कसं सांगू? वाईट वाटेल त्यांना.

आजीचा_बटवा
त्यांनाच बरोबर न्या की. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं. आमच्याकडे अश्वगंधा आणि थायरॉइडच्या गोळीवरून असंच झालं होतं, आता सासूबाई स्वतःच आधी विचारतात.