मदत हवी आहे: मदतनीस टी पेशी वाढतात, तरी उपयोगी अँटिबॉडी उशिरा का?

नमस्कार. परळला नर्सिंगच्या विद्यार्थिनींसमोर एचआयव्ही आणि प्रतिकारशक्तीबद्दल मराठीतून बोलायचं आहे. तयारीच्या वेळी एकीने विचारलं, "रॅपिड टेस्टमध्ये आपण अँटिबॉडीच शोधतो ना? मग त्या रक्तात असूनही विषाणू जात का नाही?" हिला अर्धवट उत्तर देऊन चालणार नाही.

मला समजलेलं असं. टेस्टमध्ये सापडणारी प्रत्येक अँटिबॉडी विषाणूला निकामी करतेच असं नाही. नुसतं चिकटणं वेगळं, पेशीत शिरण्यापासून रोखणं वेगळं. रोखणारी अँटिबॉडी घडते लिम्फ नोडमधल्या (लसिका गाठीतल्या) जर्मिनल सेंटरमध्ये, म्हणजे बी पेशी बदलत आणि निवडल्या जातात त्या जागी. तिथे बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या) प्रतिजन, म्हणजे विषाणूचा ओळखू येणारा तुकडा, उचलून फॉलिक्युलर हेल्पर, म्हणजे टीएफएच या मदतनीस टी पेशींना दाखवतात. ज्या बी पेशीची पकड घट्ट, तिला टीएफएचकडून सीडी४०एल आणि आयएल-२१ या संदेश देणाऱ्या प्रथिनांची मदत जास्त. बाकीच्या मरतात.

उंदरांत एलसीएमव्ही या प्रयोगात वापरल्या जाणाऱ्या विषाणूचा आर्मस्ट्राँग प्रकार आठ-दहा दिवसांत संपतो, क्लोन १३ मात्र महिनोन्महिने ठाण मांडून बसतो. अशा लांबलेल्या संसर्गात सीडी४ पेशी (मदतनीस टी पेशी) टीएफएच बनण्याकडे झुकतात. २०११ साली दिसलं की पुढच्या टप्प्यात आयएल-६ या प्रथिनाचा संदेश मिळाला नाही, तर टीएफएचची ही वाढ खुंटते आणि विषाणू आटोक्यात येत नाही. म्हणजे टीएफएच हव्यातच.

अडतंय ते इथे: एचआयव्हीत रक्तातल्या सीडी४ पेशी घटत असताना, उपचार न घेतलेल्या अनेकांच्या लिम्फ नोडमध्ये टीएफएच उलट वाढलेल्या असतात. तरी नाना प्रकारच्या एचआयव्हीला रोखणाऱ्या अँटिबॉडी थोड्याच लोकांत, तेही बहुधा काही वर्षांनी येतात. मदत जास्त झाल्याने निवड सैल पडते, की विषाणूच पुढे निसटतो? कुणी नीट समजावेल का?

प्रतिसाद:
ताई, दोन्ही, पण मी निसटण्याला जास्त वजन देईन. काही महिन्यांत रुग्णाच्या शरीरात त्याच्याच विषाणूला रोखणाऱ्या अँटिबॉडी येतात, पण तोवर आवरणातली प्रथिनं बदललेली असतात. त्यावर साखरेच्या साखळ्यांचं दाट कवच. बी पेशींना पुन्हा पुन्हा बदलत राहावं लागतं, आणि त्या लांब वाटचालीत टीएफएचची साथ सुटून चालत नाही. निवड सैल पडण्याचा तुमचा मुद्दाही संशोधक गांभीर्याने मांडतात: मदत मुबलक झाली की कच्च्या पकडीच्या बी पेशीही तगतात. शिवाय एचआयव्ही टीएफएचमध्येच शिरतो, तेही विद्यार्थिनींना जरूर सांगा.

धागाकर्ती:
मनापासून आभार, आता क्रम लागला. अजून एक विचारते. एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधं) सुरू झाल्यावर या टीएफएचचं काय होतं?

प्रतिसाद:
प्रतिजन घटतं, तशी त्यांची फुगलेली संख्याही खाली येते. पण काहींमध्ये विषाणू दडून राहतो. फॉलिकलच्या, म्हणजे लिम्फ नोडमधल्या बी पेशींच्या पुंजक्याच्या, आत संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या सीडी८ पेशी कमीच पोचतात, त्यामुळे तो तिथे टिकतो. गोळ्या थांबवल्या की विषाणू परत का उसळतो, याचं एक कारण हे. नर्सला रुग्णाशी बोलताना हेच सगळ्यात जास्त लागेल.