गिझर बदलायचाय: साठवणीचाच घ्यावा की इन्स्टंट, सोलर, हीट पंप?

निवांत:
मंडळी, सल्ला हवा आहे. घरातला 25 लिटरचा गिझर दहा वर्षांचा होत आलाय. तापताना आतून कडकड आवाज येतो, पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो आणि आता खालून थेंब थेंब गळायला लागलंय. प्लंबरने कव्हरसुद्धा न उघडता "टाकी गेली, नवीन घ्या" म्हणून सांगितलं. घरात चार माणसं, त्यात एक लहान मूल आणि वयस्कर आई. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ. दुकानात विचारलं तर जो तो आपलंच घोडं दामटतो. काय घ्यावं आणि खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

खडूस:
डोळे झाकून जास्त स्टार रेटिंगचा घ्या आणि मोकळे व्हा. चर्चा कसली त्यात.

पाना_पक्कड:
निवांत, खरेदीला निघण्याआधी गळतंय कुठून ते बघा. "गिझर गळतोय" हे निदान नव्हे.

पाइपच्या जोडातून गळत असेल तर वॉशर किंवा कनेक्शन पाइप बदलला की काम झालं. एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) जिथे बसवतात त्या झाकणाच्या गास्केटमधून गळत असेल तर कव्हर काढल्यावर तिथे ओल आणि पांढरट क्षार दिसतील. तेही दुरुस्त होतं. कव्हर काढताना स्विच नाही, बोर्डावरचा एमसीबीच (वीज तोडणारा सर्किट ब्रेकर) बंद करायचा, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी जागा म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. पाणी 20 अंशांवरून 60 वर गेलं की साधारण दीड टक्का फुगतं. 25 लिटरमागे हे पाव लिटरहून जास्त होतं. थंड पाण्याच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल तर या वाढीव पाण्याला मागे जायला वाटच नाही, मग ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. हा बिघाड नाही, व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. काही लोक वैतागून तिथे बूच मारतात. बाकी काहीही करा, ते करू नका. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा स्विच) अडकला आणि पाणी जास्त तापल्यावर वीज तोडणारं कटआउटही चाललं नाही, तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी तीच शेवटची वाट असते.

रात्री गिझर बंद ठेवा, पार थंड होऊ द्या, खाली कोरडा कागद लावा. फक्त तापतानाच ठिबकत असेल तर टाकीवर संशय घेऊ नका. थंड असतानाही गळत असेल आणि पाणी तांबूस असेल, तर टाकी आतून गंजलीय. तिला डाग मारून काही होत नाही, बदलावीच लागते.

कडकड आवाज क्षारांचा. एलिमेंटवर थर जमला की त्याच्याखालचं पाणी उकळून बुडबुडे फुटतात. आवाज तेवढाच असता तर साफसफाई आणि नवीन एलिमेंटवर भागलं असतं.

हिशेबी:
खर्चाबद्दल. पैशांत नाही, युनिटमध्ये मोजा, म्हणजे आपापल्या दराने गुणता येईल.

25 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला सुमारे 1.16 युनिट लागतात. रोज एक टाकी धरली तर वर्षाला सव्वाचारशे युनिटच्या आसपास आणि दहा वर्षांत सव्वाचार हजार. चार जणांना रोज दोन टाक्या लागल्या तर याच्या दुप्पट. हा आकडा तुमच्या दराने गुणा आणि गिझरच्या किमतीशेजारी मांडून बघा. दुकानात घासाघीस होते ती लहान रकमेवर.

खडूस, रेटिंगबद्दल: ते मुख्यतः साठवलेली उष्णता किती झिरपून जाते याचं असतं. गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्याला त्याचा फायदा खूप. सकाळी तासभर लावून बंद करणाऱ्याला बराच कमी. पाणी तापवायला लागणारी वीज कोणत्याही कंपनीचा गिझर घेतला तरी तेवढीच.

दुसरा_मजला:
आम्ही इन्स्टंट लावला. जागा कमी लागते, वाट बघावी लागत नाही, छान चाललंय.

हिशेबी:
बेसिनला किंवा स्वयंपाकघराच्या सिंकला ठीकच आहे. पण 3 किलोवॅटचा इन्स्टंट पाणी 20 अंशांनी तापवत असेल तर मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. शॉवरला त्याच्या तिप्पट तरी लागतं. मग लोक नळ बारीक करून ताटकळत बसतात. साडेचार किलोवॅटचा घ्यायचा तर 230 व्होल्टला जवळपास 20 अँपिअर. 16 अँपिअरच्या सॉकेटवर तो चालवायचा नाही. जाड वायर आणि वेगळा एमसीबी टाकून घ्यावा लागेल, तो खर्च बॉक्सवर लिहिलेला नसतो.

पाना_पक्कड:
+१. बाकी पर्याय थोडक्यात. गॅसचा असेल तर बंद बाथरूमच्या आत नको म्हणजे नकोच. जळण नीट झालं नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. घरात म्हातारं माणूस आणि मूल असताना या बाबतीत मी तडजोड करणार नाही. धूर थेट बाहेर जाईल अशी नळी आणि ताज्या हवेची सोय असेल तरच.

हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो, त्यामुळे वीज साधारण एक तृतीयांश लागते. पण सुरुवातीचा खर्च मोठा, पाणी सावकाश तापतं, हवा खेळती राहील अशी जागा हवी आणि पंख्याचा आवाज येतो. गरम पाणी भरपूर लागणाऱ्या घरात त्याचे पैसे वसूल होतात.

सोलरसाठी छतावर हक्काची जागा, ढगाळ दिवसांसाठी दुसरी सोय, आणि पाइप किती लांब पडतो ते बघा. आतून 20 मिलिमीटर व्यासाचा 20 मीटर पाइप म्हणजे सहा लिटरहून जास्त पाणी. रोज सकाळी ते थंडगार येणार आणि बहुतेक घरांत सरळ वाहून जाणार.

दुसरा_मजला:
वीज वाचवायला थर्मोस्टॅट 40-45 वरच ठेवला तर? तसंही थंड मिसळावंच लागतं.

पाना_पक्कड:
साठवणीच्या टाकीत तसं करू नका. 20 ते 45 अंशांच्या पाण्यात लिजिओनेला जंतू वाढतात. त्यांच्यामुळे न्यूमोनिया होऊ शकतो, आणि वयस्करांना धोका जास्त. टाकीत 60 ठेवा आणि नळाशी मिसळा. मात्र 60 अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं, मुलांना त्याहून लवकर. निवांतच्या घरात थर्मोस्टॅटिक मिक्सर (गरम-थंड मिसळून ठरावीक तापमानाचंच पाणी देणारा नळ) लावला तर ते पैसे सत्कारणी लागतील. वीज वाचवायचीच तर आंघोळी झाल्या की स्विच बंद करा.

निवांत:
सर्वांचे आभार. कागद लावून बघितलं. पार थंड असतानाही ओला झाला, आणि टाकीच्या खालच्या शिवणीतून तांबूस पाणी येतंय. म्हणजे प्लंबर न बघताच बरोबर निघाला! सोलर, हीट पंपला जागा नाही. 25 लिटरचा साठवणीचाच घेतोय. आडवा घेतला तर माळ्याखाली नीट बसेल. चालेल का?

पाना_पक्कड:
जागा असेल तर उभाच घ्या. आडव्यात आत येणारं थंड पाणी लवकर मिसळतं, त्यामुळे उपयोगाचं गरम पाणी कमी मिळतं. शिवाय उभ्या-आडव्याचं मॉडेल वेगळं असतं, उभा गिझर आडवा टांगायचा नाही. दुकानात वॉरंटी तीन तुकड्यांत विचारा: टाकीची किती, एलिमेंटची किती, बाकीच्याची किती. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड सुटा मिळतो का, हेही. टाकीऐवजी गंजण्याचं काम तो करतो, झिजला की बदलायचा. तुमच्याकडे क्षार आहेत, तेव्हा वर्षातून एकदा उघडून बघा.

हिशेबी:
उंच इमारतीत असाल तर गिझरची टाकी किती दाब सोसते तेही तपासा. गच्चीवरच्या टाकीपासून खाली दर 10 मीटरला पाण्याचा दाब साधारण 1 बारने (बार हे दाबाचं एकक) वाढतो.

निवांत:
नोंद केली. जुना काढताना काही बघायचं का?

पाना_पक्कड:
सॉकेट आणि प्लगच्या पिना. काळपट किंवा वितळल्यासारख्या असतील तर नवीन गिझर त्यावर लावू नका, आधी वायरमनकडून बदलून घ्या, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर) चालतोय का तेही बघायला सांगा. भरलेली टाकी काढताना 25 किलो पाणी अंगावर असतं, आधी रिकामी करा. जुने बोल्ट भिंतीत हलत असतील तर नवीन भोकं. बसवून झाल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरा. फुसफुस हवा जाऊन सलग धार आली की मगच स्विच लावायचा. कोरड्या टाकीत एलिमेंट चालू झालं तर ते पहिल्याच दिवशी जळतं.