कांदळवन कक्षावर प्रकल्प: लिहू काय?

भांडुपचा नववीवाला: सकाळची शाळा. सातला स्वेटर घालून वर्गात, साडेबाराला तोच कमरेला बांधून घरी. ही मुंबईची थंडी! सोमवारी कांदळवन कक्षावर प्रकल्प द्यायचाय. नेटवर नुसत्या उद्घाटनाच्या बातम्या. सुरुवात कुठून करू?

ऐरोलीकर: कांदळवन म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं जंगल. ते जपायला राज्याच्या वनविभागाने 2012 मध्ये हा कक्ष काढला. ठाणे खाडीत 2015 ला फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 ला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला. पण नुसत्या सनावळ्यांनी वही भरू नकोस. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात जा, भरती-ओहोटी बघून निघ.

खाडीवाली ताई: तिवर हे खारफुटीचंच एक झाड. त्याच्या पानावर बोट फिरवून चाट. खारट लागेल, जास्तीचं मीठ झाड पानातूनच बाहेर टाकतं. हे लिही. पान तोडू मात्र नकोस.

भांडुपचा नववीवाला: भारी! बाबांना रविवारी सुट्टी आहे, पटवतो.