एअर फोर्समधून बाहेर पडतोय: छोट्या कंपनीचं एटीआर घेऊ की मोठ्या कंपनीत एअरबसच्या उजव्या सीटवर बसू?

खारघरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज रजेवर आहे म्हणून बसलो. मी एअर फोर्समध्ये ट्रान्सपोर्टला, एएन-३२ वर, शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक वर्षांचीच नोकरी). येत्या जूनमध्ये १४ वर्षं पूर्ण होतायत आणि बाहेर पडतोय. पेन्शन नाही हे आधीच सांगतो, कारण परवा सोसायटीतल्या एका काकांनी लिफ्टमध्ये "तुला काय बाबा, पेन्शन आहे" म्हणून चौथ्या मजल्यापर्यंत माझा विषय मिटवूनसुद्धा टाकला. पेन्शनला २० वर्षं लागतात. मला ग्रॅच्युइटी आणि डीएसओपीत (फौजेतला पीएफ) साठलेले पैसे मिळतील, त्यात फ्लॅटचं कर्ज फिटेल, बास.

उड्डाणाचे तास ३१०० च्या वर आहेत, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) पेपर झालेत, क्लास वन मेडिकल झालंय. दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. एक छोटी रीजनल कंपनी, एटीआर ७२ (पंख्याचं छोटं विमान), टाइप रेटिंगचा (त्या जातीचं विमान उडवायचं ट्रेनिंग आणि परवाना) खर्च त्यांचा आणि बदल्यात तीन वर्षांचा बाँड, दीड वर्षात कमांड (कॅप्टनपद) देऊ म्हणतात, आणि सध्या बेस (जिथून ड्यूटी सुरू होते तो विमानतळ) बाहेर असला तरी नवी मुंबई विमानतळावर बेस उघडला की तुम्हाला पहिला चान्स असंही म्हणाले. दुसरी मोठी कंपनी, एअरबस ३२०, फर्स्ट ऑफिसर (उजव्या सीटवरचा सहवैमानिक), टाइप रेटिंग आपल्या खिशातून म्हणजे पंधरा-वीस लाखांना चाट, बेस बहुतेक दिल्ली, आणि डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर कधी बसणार ते ब्रह्मदेवालाच माहीत.

मुलगी चौथीत आहे आणि तिची ही तिसरी शाळा. आई इथेच खारघरला एकटी असते. माझं मन छोट्या कंपनीकडे चाललंय. मित्र म्हणतात वेडा आहेस. तुम्हीच सांगा.

डॉर्नियरवाला

वेडेबिडे काही नाही सर, बिनधास्त एटीआर घ्या. मी नेव्हीतून आलो, गोव्याला हंसा या नेव्हीच्या तळावर डॉर्नियर विमान उडवायचो, आता सहा वर्षं झाली एटीआरवर. ठाण्यात घर आहे, पोरगं इथल्याच शाळेत पहिलीपासून. मला वीस महिन्यांत कमांड मिळाली, माझ्याबरोबर नेव्ही सोडलेला कोर्समेट एअरबसवर गेला तो अजून उजवीकडेच बसून गिअर वर-खाली करतोय.

काम कसं असतं सांगतो म्हणजे अंदाज येईल. दिवसाला चार सेक्टर (उड्डाणं), कधी सहा. एटीआरला एपीयू (जमिनीवर वीज-हवा देणारं छोटं जादा इंजिन) नसतो, त्यामुळे जमिनीवर उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवायचा, त्याला हॉटेल मोड म्हणतात, त्यावर एसी आणि लाइट चालते. २५ मिनिटांत प्रवासी उतरवा, चढवा, निघा. पोहे खायचे तर उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात लोडशीट. आणि जेटवाले ३५ हजारांवरून ढगांकडे बघत जातात, आपण १७-१८ हजारांवर ढगातूनच जातो, जूनमध्ये कोकणावर काय होतं ते एएन-३२ वाल्याला मी काय सांगू. फौजेत हाताला जी सवय लागलेली असते ती इथे रोज कामाला येते. एअरबसवर तुम्ही दोन महिन्यांत कंटाळाल.

एकच अडचण येते, पहिले चार-सहा महिने शेजारी बसलेली कॅप्टन २८ वर्षांची पोरगी असते आणि ती आपल्याला चुका सांगते. तिला मॅम म्हणायचं आणि ऐकायचं. मला जमायला वेळ लागला हे खरं.

घोडबंदर_त्रस्त

विरोधी मत मांडतो, राग मानू नये. मीपण एअर फोर्सचाच, २०१४ ला बाहेर पडलो, आता जेटवर कॅप्टन.

तुमचं वय ३७ धरलं तर ६५ पर्यंत २८ वर्षं उडायचंय. २८ वर्षांचा हिशोब दीड वर्षाच्या आमिषावर करताय. लोकल आली, दारात उभं राहायला जागा मिळाली म्हणून कर्जत गाडीत चढायचं आणि उतरायचं मात्र टिटवाळ्याला, असं आहे हे. डाव्या सीटवर बसलात तरी ती डावी सीट एटीआरची. पुढे जेटवर जायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी परत फर्स्ट ऑफिसर म्हणूनच सुरुवात, आणि तेव्हा वय ४२ आणि सीनियॉरिटी लिस्टमध्ये तुमच्या वर २६ वर्षांची मुलं.

दुसरं म्हणजे या छोट्या रूट्सचं आयुष्य. उडान योजनेवर (छोट्या शहरांच्या विमानसेवेला सरकारी सवलत) कॅगचा रिपोर्ट आला होता २०२३ मध्ये. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ रूट दिले, त्यातले ३७१ सुरू झाले, तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली ११२ नी, आणि मुदतीनंतरही चालू राहिले फक्त ५४. सरकारचा पैसा थांबला की रूट थांबतो, रूट थांबला की विमान उभं, विमान उभं की पायलट उभा. ट्रूजेटची विमानं नांदेड, जळगाव, कोल्हापूरला जायची, २०२२ मध्ये कंपनीच थांबली.

जुना_ग्राउंडस्टाफ

मोठी म्हणजे सेफ हे कुणी सांगितलं हो? जेट १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, गो फर्स्ट ३ मे २०२३ ला. दोन्ही काय छोट्या होत्या? गो फर्स्टकडे तर सगळी एअरबसच होती.

मी ज्या कंपनीत होतो तिचं नाव लिहीत नाही, पाच महिन्यांचा पगार अजून यायचाय. पण एक गोष्ट सांगतो जी पायलट लोकांना उशिरा कळते आणि आम्हाला आधी. कंपनी बुडायला लागली की पहिलं काय बंद होतं, तर क्रूची पिकअपची गाडी. गाडीवाल्याचं बिल थकलं की तो येत नाही. आमच्याकडे पहाटे साडेतीनला एक कॅप्टन टोपी मांडीवर घेऊन रिक्षातून उतरले आणि माझ्याकडे सुटे मागितले, त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला सांगितलं, दुसरीकडे बघायला लागतो. तेव्हा सर, ऑफर लेटरपेक्षा त्यांच्या गाडीवाल्याशी बोला. हसू नका, सीरियसली सांगतोय.

घोडबंदर_त्रस्त

@जुना_ग्राउंडस्टाफ मान्य, मोठ्यापण बुडतात. पण गो फर्स्टच्या पायलट लोकांना एअरबस येत होतं म्हणून बऱ्याच जणांना दुसरीकडे दारं उघडी होती. एटीआर उडवणाऱ्या कंपन्या देशात मोजून किती? अलायन्स, फ्लाय९१, इंडिगोचा एटीआरचा भाग... हाताची बोटं संपायच्या आत यादी संपते.

डॉर्नियरवाला

@घोडबंदर_त्रस्त इंडिगोचा "भाग" म्हणे! २०१७ पासून उडवतायत ते एटीआर. मोठ्या कंपनीत जायचं आणि एटीआरवरच जायचं हा तिसरा रस्ता पण आहेच की. आणि छोट्या विमानाचं गणितच वेगळं असतं, ८० पेक्षा कमी सीट असल्या की एअरपोर्ट ऑथॉरिटीच्या विमानतळांवर लँडिंग चार्ज माफ, इंधनावरचा टॅक्स कमी. सोलापूर-गोवा सुरू झालं की नाही गेल्या वर्षी? सोलापूरवाले किती वर्षं वाट बघत होते.

सीपीएल_धारक

मला एकच प्रश्न आहे. मी घर गहाण टाकून सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) केलं, २१० तास आहेत, तीन वर्षं झाली घरी बसलोय, डोंबिवलीला काकांच्या दुकानात बसतो. तुम्ही लोक सरकारी पेट्रोलवर तीन तीन हजार तास करून येणार आणि वर "कुठली ऑफर घेऊ" म्हणून धागे काढणार. छान आहे.

डॉर्नियरवाला

@सीपीएल_धारक भावा, सरकारी पेट्रोल होतं पण ते लेहला उणे वीसमध्ये भरायला लागायचं.

खारघरकर (धागाकर्ता)

@सीपीएल_धारक राग समजू शकतो, खरंच. तुमच्या जागी मी असतो तर यापेक्षा वाईट लिहिलं असतं. जाहिराती दिसल्या की इथेच टाकत जाईन.

न्यूजर्सीचा_पुतण्या

अमेरिकेत रीजनल ही पहिली पायरीच धरतात. २०१३ पासून तिथे १५०० तासांचा नियम आहे, पण मिलिटरी पायलटला ७५० वर मिळतं, मग दोन-तीन वर्षं रीजनल आणि तिथून मोठ्या कंपनीत उडी. त्यामुळे तिथे हा प्रश्नच नाही.

घोडबंदर_त्रस्त

तिथली पायरी वरच्या मजल्याला जोडलेली आहे. आपल्याकडे ती गच्चीत जाऊन संपते. तिथलं इथे लावू नका.

उलवेकरीण

सगळे पुरुष सीट आणि तासांवर भांडतायत म्हणून मी लिहिते. माझे अहो फौजेतून येऊन चार वर्षं झाली, रीजनलला आहेत. भाऊ, तुम्ही मुलीसाठी आणि आईंसाठी छोटी कंपनी घेताय ना, मग ऐका.

रात्री घरी येतात हे खरं आहे. पण पहाटे चारची पिकअप म्हणजे उठणं अडीचला, म्हणजे संध्याकाळी सातला झोप. आमच्याकडे सातनंतर मिक्सर लावत नाही, टीव्ही म्यूट करून खालच्या ओळी वाचतो, धाकटा कुजबुजत पाढे म्हणतो. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग सुट्टी ३६ तासांवरून ४८ तास झाली, तेवढा एक फरक पडला, तेव्हापासून एक संध्याकाळ तरी माणूस जागा दिसतो. डिसेंबरात त्याच नियमांवरून विमानं रद्द होऊन जो गोंधळ झाला तेव्हा सगळे पायलटांना शिव्या घालत होते, मी गप्प बसले.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय "दीड वर्षात कमांड देऊ म्हणतात" आणि "बेस उघडला की पहिला चान्स म्हणाले". म्हणतात आणि म्हणाले. फौजेत तीन दिवसांची कॅज्युअल लीव्ह घ्यायची तर कागदावर सही लागते आणि घरदार हलवायचा निर्णय तुम्ही फोनवरच्या शब्दावर घेताय? आमच्याकडे अगदी हेच झालं. यांना कुणी खोटं बोलेल असं वाटेचना, सीओने (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरने) शब्द दिला की दिला, त्याच सवयीने आले. "बेस लवकरच उघडतोय" ऐकून आम्ही उलव्यात घर घेतलं. विमानतळ २५ डिसेंबरला चालू झाला, त्या घराच्या गच्चीतून विमानं दिसतात, पण यांचा बेस अजून दुसऱ्या राज्यातच आहे, म्हणून आम्हीपण तिथेच.

आणि अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमात नोकरी सोडताना फर्स्ट ऑफिसरला सहा महिने नोटीस आहे आणि कॅप्टनला एक वर्ष. म्हणजे कमांड जितकी लवकर, पाय तितका लवकर अडकतो. बाँड वेगळाच.

डॉर्नियरवाला

ताई, नोटीसचं बरोबर आहे. मी ते सांगायला हवं होतं. पण सगळ्याच कंपन्या तशा नसतात, माझी कमांड तोंडीच ठरली होती आणि मिळाली.

उलवेकरीण

तुम्हाला मिळाली कारण तेव्हा त्यांना कॅप्टन कमी पडत होते, दादा. शब्द पाळला म्हणून नाही.

घोडबंदर_त्रस्त

आयुष्यात पहिल्यांदा या धाग्यावर कुणाशी शंभर टक्के सहमत. फक्त एक सांगतो, मोठ्या कंपनीतपण "बेस बहुतेक दिल्ली" मधलं "बहुतेक" लेखी घ्या. माझं बहुतेक मुंबई होतं, साडेतीन वर्षं कोलकात्यात भाड्याच्या खोलीत काढली.

मामलेदार_तिखट

मी पायलट नाही, कोलशेतला राहतो, एअर फोर्स स्टेशनच्या जवळ, एवढाच संबंध. एक भाबडा प्रश्न, सर १४ वर्षांनी बाहेर पडतायत तर महिनाभर घरी का नाही बसत? आईबरोबर भाजी आणा, मुलीला शाळेत सोडा. दोन्ही ऑफर महिनाभराने पळून जाणारेत का?

खारघरकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. @उलवेकरीण ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली हेच मी दिवाळीपासून सांगतेय पण मी इंटरनेटवरची नाही ना.

अपडेट देतो. छोट्या कंपनीला मेल टाकला, कमांडची मुदत आणि नवी मुंबईचा बेस या दोन्ही गोष्टी ऑफर लेटरमध्ये लिहून द्याल का म्हणून. दोन दिवसांनी उत्तर आलं. कमांड "कंपनीच्या गरजेनुसार व पात्रतेनुसार", बेस "ऑपरेशनल रिक्वायरमेंटनुसार". वाचून एकटाच हसत बसलो, कारण १४ वर्षांत माझ्या प्रत्येक पोस्टिंगच्या कागदावर हेच दोन शब्द होते, त्यांच्याच भरवशावर मुलीच्या तीन शाळा झाल्या.

मोठ्या कंपनीला पण तोच प्रश्न विचारलाय बेसबद्दल. उत्तर यायचंय.

जुना_ग्राउंडस्टाफ

गाडीवाल्याशी बोललात का?

खारघरकर (धागाकर्ता)

बोललो. खरंच बोललो, तिथे पोस्ट झालेल्या एका कोर्समेटकडून नंबर काढला. बिल दर महिन्याच्या सात तारखेला मिळतं म्हणाला, गेल्या महिन्यात मात्र एकोणीसला मिळालं.

जुना_ग्राउंडस्टाफ

एकोणीस... अजून एक महिना बघा सर. मामलेदारांचं ऐका, भाजी आणा तोपर्यंत.