विषय: स्ट्रासबर्गचं विद्यापीठ खरं आहे ना?

प्रेषक: सुनंदा (लियों)

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीच्या मुलाला स्ट्रासबर्गला रसायनशास्त्राच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. पेढे वाटायचे सोडून नाशिकच्या घरात चौकशी समिती बसली आहे. ज्या सरांनी त्याला शिफारसपत्र दिलं त्यांची पीएच.डी. स्ट्रासबर्गचीच, पण त्यांच्या प्रमाणपत्रावर 'लुई पाश्चर विद्यापीठ' लिहिलंय. मुलाच्या पत्रावर 'स्ट्रासबर्ग विद्यापीठ'. मेव्हण्यांनी शोधलं तर स्थापनेचं साल कुठे १५३८, कुठे १६२१, तर कुठे २००९. त्यांचं म्हणणं, ज्याला स्वतःचं नाव आणि जन्मसाल धड सांगता येत नाही तिथे पोराला पाठवू नये. कोणी तिथे शिकलंय का? लवकर कळवा, बहिणीचे दिवसातून चार फोन येताहेत.

सुनंदा

---

प्रेषक: अविनाश (स्ट्रासबर्ग)

सुनंदाताई, अभिनंदन! आणि मेव्हण्यांना सांगा, तिन्ही सालं खरी आहेत.

१५३८ साली योहान श्टुर्म नावाच्या विद्वानाने इथे प्रोटेस्टंट शाळा काढली. तिची आधी अकादमी झाली आणि १६२१ साली विद्यापीठ. पुढे शहर फ्रान्सच्या राजाकडे गेलं तरी विद्यापीठाचा जर्मन ढंग बराच काळ टिकला. जर्मन कवी ग्योथे तरुणपणी १७७० साली कायदा शिकायला इथेच आला होता. पाश्चरही इथे रसायनशास्त्र शिकवायचा, १८४९ ते १८५४. त्याने लग्न केलं ते विद्यापीठाच्या रेक्टरच्याच मुलीशी.

१८७०च्या युद्धात फ्रान्स हरला, अल्सास, म्हणजे स्ट्रासबर्गचा हा प्रांत, जर्मनीकडे गेला आणि १८७२ साली नवं जर्मन विद्यापीठ सुरू झालं. पॅरिसला दाखवायचं म्हणून जर्मनांनी सढळ हाताने पैसा ओतला. १८८४ साली उघडलेला विद्यापीठाचा राजवाडा आणि त्यामागची वेधशाळा आजही वापरात आहेत. युरोप परिषदेच्या सल्लागार सभेचं पहिलं अधिवेशन १९४९ साली याच राजवाड्याच्या सभागृहात भरलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर विद्यापीठ पुन्हा फ्रेंच झालं. मार्क ब्लोक आणि ल्युसियँ फेव्र हे इतिहासकार इथे सहकारी होते आणि इथूनच १९२९ साली त्यांनी 'आनाल' हे इतिहासाचं नियतकालिक काढलं.

१९३९ साली अख्खं विद्यापीठ मध्य फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँला हलवलं गेलं. इथल्या रिकाम्या इमारतींत नाझींनी १९४१ साली स्वतःचं विद्यापीठ थाटलं. त्याच्या शरीररचनाशास्त्राच्या संस्थेसाठी १९४३ साली श्ट्रुटहोफच्या छावणीत ८६ ज्यूंना ठार मारलं गेलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिकडे क्लेरमाँमध्ये गेस्टापोने खऱ्या विद्यापीठावर धाड घातली आणि कित्येक विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना छळछावण्यांत पाठवलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण विद्यापीठाने हा विषय झाकून ठेवलेला नाही. २०१६ साली इतिहासकारांची समिती नेमून त्यांनी सगळी कागदपत्रं तपासून घेतली.

आता सरांच्या प्रमाणपत्राबद्दल. १९६८च्या आंदोलनानंतर फ्रान्सने मोठी विद्यापीठं तोडली. इथल्याचे तीन तुकडे झाले. विज्ञान आणि वैद्यक म्हणजे लुई पाश्चर, साहित्य-मानव्य म्हणजे मार्क ब्लोक, कायदा-राज्यशास्त्र म्हणजे रोबेर शुमान. १ जानेवारी २००९ला तिन्ही पुन्हा एक झाली. तेव्हा सरांची पदवी आणि भाच्याचं पत्र एकाच घरातलं आहे. पुढे मार्सेय, लोरेन, बोर्दो यांनीही हाच रस्ता धरला. आज इथे पन्नास हजारांवर विद्यार्थी आहेत.

पण मेव्हण्यांना इतिहासापेक्षा प्रयोगशाळेचं सांगा. पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि विद्यापीठ हाकेच्या अंतरावर असूनही दोघांचे संसार वेगळे. इथे बहुतेक प्रयोगशाळा विद्यापीठ आणि सीएनआरएस ही राष्ट्रीय संशोधन संस्था मिळून चालवतात. एकाच खोलीत एकाचा पगार विद्यापीठाचा, शेजारच्याचा सीएनआरएसचा. त्यामुळे मास्टर्सच्या पोराला दुसऱ्या वर्षी जी इंटर्नशिप करायची असते ती थेट संशोधकांच्या हाताखाली मिळू शकते. रसायनशास्त्रात तर हे ठिकाण तगडंच. जाँ-मारी लेन यांना १९८७ साली नोबेल, जाँ-पिएर सोवाज यांना २०१६ साली. मार्टिन कारप्लस (२०१३) हार्वर्ड आणि इथे, दोन्हीकडे होते. शिवाय फळमाश्यांच्या प्रतिकारशक्तीवर काम करणारे ज्यूल हॉफमन, वैद्यकाचं नोबेल, २०११.

एजंट लोक जागतिक क्रमवारीतला आकडा दाखवून घाबरवतात. इथे तो फारसा कामाचा नाही. भाच्याने आपल्या विषयाच्या तीन-चार प्रयोगशाळांची पानं उघडावीत, अलीकडचे शोधनिबंध वाचावेत आणि आवडलेल्या गटप्रमुखाला आत्तापासून पत्र लिहावं.

अविनाश

---

प्रेषक: प्राजक्ता (स्ट्रासबर्ग)

सुनंदाकाकू, मी इथे मास्टर्स करतेय, म्हणून थोडं जमिनीवरचं.

एक मोठं फाटक आणि आत सगळं, अशी कल्पना करून येऊ नका. विद्यापीठ शहरभर पसरलंय. एस्प्लानादचा कॅम्पस मध्यवर्ती, वैद्यक जुन्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात, जीवशास्त्राची मोठी संस्था आणि फार्मसी दक्षिणेला इल्किर्शला. वर्ग नक्की कुठे आहेत ते बघून मगच खोली शोधा. सरकारी वसतिगृहाची जागा परदेशी विद्यार्थ्याला सहज मिळेल असं धरून चालू नका. सप्टेंबरमध्ये खोल्यांची मारामारी असते.

फी: युरोपबाहेरच्यांसाठी सरकारने २०१९ साली पदवीला २७७० आणि मास्टर्सला ३७७० युरो वार्षिक ठरवले. त्यानंतर आकडे थोडे चढलेत. विद्यापीठ काहींना सूट देऊ शकतं, म्हणून प्रवेशपत्र नीट वाचा आणि तसा उल्लेख नसेल तर विचारा. पीएच.डी.ला ही वाढीव फी नाही. शिवाय विद्यार्थी-सुविधांची शंभर युरोंच्या थोडी वर वर्गणी बहुतेक सगळ्यांनाच. वर्षाला ९६४ तास काम करता येतं, पण त्या कमाईवर महिन्याचा हिशेब बसवू नका.

भाषा: विषय इंग्रजीत असला तरी नोंदणी, बँक, डॉक्टर, घरमालक सगळं फ्रेंचमध्ये. नाशिकलाच फ्रेंचच्या बी-वन (मध्यम) पातळीपर्यंत पोचलात तर सुखात राहाल.

आणि एक गंमत. ट्राम २०१७ पासून ऱ्हाइन ओलांडून थेट जर्मनीतल्या केल गावाला जाते. साबण-शाम्पू तिकडे स्वस्त, शनिवारी निम्मं स्ट्रासबर्ग तिथे असतं. बाझेल, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह आणि म्यूलूझच्या विद्यापीठांशी करार आहे, तिथले काही कोर्स वेगळी फी न भरता करता येतात.

प्राजक्ता

---

प्रेषक: वसंत (पॅरिस)

अविनाश, तुझ्या पत्रात एक गोष्ट राहिली. त्यांच्या फॅकल्टींच्या यादीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट धर्मशास्त्र दिसतंय. फ्रान्सच्या सरकारी विद्यापीठात? इथे पॅरिसात कोणाला सांगितलं तर अंगावर येतील.

वसंतकाका

---

प्रेषक: अविनाश

काका, बरोबर पकडलंत! धर्म आणि सरकार वेगळे करणारा कायदा १९०५चा. तेव्हा अल्सास जर्मनीत होतं, आणि परत आल्यावर लोकांनी जुनी व्यवस्था सोडली नाही. म्हणून इथे पाद्र्यांना आजही सरकारी पगार मिळतो आणि दोन्ही धर्मशास्त्रं विद्यापीठात शिकवली जातात. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या दोन जादा सुट्ट्याही त्याच खात्यातल्या. त्याबद्दल मात्र पक्क्या नास्तिकाचीही तक्रार ऐकलेली नाही.

तुम्हाला पोथ्यांची आवड, म्हणून आणखी एक. जर्मन काळात एर्न्स्ट लॉयमान इथे संस्कृत शिकवायचे. जैन ग्रंथांवर त्यांनी आयुष्य घातलं, त्यातही आवश्यक-कथांवर, ज्यांची भाषा जैन महाराष्ट्री ही प्राकृत. त्या काळात जमलेल्या जैन हस्तलिखितांचा संग्रह इथल्या राष्ट्रीय व विद्यापीठ ग्रंथालयात आहे. हे ग्रंथालयही युद्धातूनच उभं राहिलं. ऑगस्ट १८७०च्या तोफमाऱ्यात जुनं जळून खाक झालं, त्यानंतर हे. या एकदा, मी घेऊन जातो.

अविनाश

---

प्रेषक: सुनंदा

सगळ्यांचे आभार. पत्रं जशीच्या तशी नाशिकला पाठवली. मेव्हणे आता "पाश्चर तिथे होता" असं शेजाऱ्यांना सांगत सुटलेत. बहिणीचा एकच प्रश्न उरलाय: पोरगा शाकाहारी आहे, जेवेल काय?

---

प्रेषक: प्राजक्ता

काकू, विद्यार्थ्यांच्या सरकारी खानावळीत शाकाहारी ताट असतं, आणि स्वस्त असतं. चव मात्र सहन करावी लागेल. कुकर आणि गोडा मसाला बॅगेत टाका, डाळ-तांदूळ इथे मिळतात.