स्पितीत आकाश काळे आणि बर्फ करडा का आला?

धरमपेठकर
नमस्कार. गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघे नागपूरहून निघून शिमला-किन्नौरमार्गे स्पितीला जाऊन आलो. घरी येऊन छायाचित्रे संगणकावर पाहिली आणि मन खट्टू झाले. लेन्सच्या १८ मिलिमीटर या रुंद टोकावर पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावून टिपलेल्या चित्रांत आकाशाचा एक कोपरा जवळजवळ काळा तर दुसरा फिका आहे. कुंझुम खिंडीतून जवळ ओढून घेतलेल्या शिखरांवरचा बर्फ करडा उतरला आहे. आणि ज्या डोंगरांपुढे आमची बोलती बंद झाली होती, ते अंबाझरीच्या टेकाडाएवढे वाटतात. जूनमध्ये पुन्हा जायचे आहे. नवी लेन्स घ्यावी का?

बर्डीवाला
लेन्स राहू द्या, आधी पोलरायझर काढा. सूर्यापासून ९० अंशांवर असलेल्या आकाशाच्या पट्ट्यावर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो, आणि १८ मिलिमीटरची चौकट इतकी रुंद असते की तो पट्टा व शेजारचे फिके आकाश दोन्ही एकाच चित्रात येतात. शिवाय चार हजार मीटरवर हवा विरळ, धूळ आणि बाष्प कमी, म्हणून आकाश मुळातच गडद निळे असते; आपल्याकडच्या मे महिन्यातल्या पांढुरक्या आकाशाला लागू पडणारे औषध तिथे जास्त होते. बर्फाचे म्हणाल, तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम करडेच आहे असे धरून चालतो. चौकट बर्फाने भरली असेल तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश, एक ते दीड स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आदळत नाही, एवढे मात्र पाहावे.

रामटेकचा वाटसरू
चित्रे किती वाजता टिपलीत, हे तुम्ही लिहिले नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. खोल दरीत पंचांगातल्या सूर्योदयाचा उपयोग नसतो. काझ्याला मी नदीकाठी उभा होतो तेव्हा समोरचे शिखर तांबूस झाले, पण पायाशी असलेले वाटाण्याचे शेत अजून निळसर सावलीतच होते. उजेडाची रेघ उतारावरून हळूहळू खाली सरकत होती. ती अर्ध्यावर असताना तिरप्या प्रकाशात प्रत्येक घळ उठून दिसते. उजेड-सावलीतला फरक एका चित्रात मावत नसेल, तर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन चित्रे घ्यावीत आणि नंतर संगणकावर एकत्र करावीत.

डोंगर बुटके दिसतात ते रुंद लेन्समुळे. लांगझा गावापासून बरेच मागे जाऊन १५० मिलिमीटरने पाहा : सपाट छपराची पांढरी घरे खाली आणि ६,३०३ मीटरचे चौ चौ कांग निल्डा शिखर डोक्यावर. घर दिसले की उंची कळते.

मानेवाड्याची सायकल
थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादाच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवाव्यात. बाहेरून उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा, नाहीतर काचेवर दव धरते.

धरमपेठकर
सर्वांचे आभार. वेळा तपासल्या : बहुतेक चित्रे सकाळी साडेदहा ते दुपारी तीन, म्हणजे चहासाठी गाडी थांबली तिथली. ५५-२५० मिलिमीटरची लेन्स तर कुंझुम सोडता बॅगेच्या तळाशीच राहिली होती. आता काझ्याला दोनाऐवजी चार मुक्काम करावे म्हणतो. लांगझ्यात राहण्याची सोय कशी आहे?