बाबांच्या अँजिओप्लास्टीचे कागद जुने डॉक्टर देत नाहीत; काय करावे?

मनीषनगरची लेक

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांची (वय ६८) चौदा महिन्यांपूर्वी धंतोलीतील एका खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. आता त्यांच्या हर्नियाची शस्त्रक्रिया करायची आहे. रामदासपेठेतील सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनीही सांगितले आहे की, कोणत्या रक्तवाहिनीत कोणत्या प्रकारचा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवला आणि किती बसवले, हे लेखी कळल्याशिवाय रक्त पातळ करण्याच्या गोळ्या थांबवायच्या की चालू ठेवायच्या हे त्यांना ठरवता येणार नाही. आमच्याजवळच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र "अँजिओप्लास्टी केली, प्रकृती स्थिर" एवढीच ओळ आहे. अँजिओप्लास्टीच्या चित्रीकरणाची सीडी आम्हाला दिलीच नव्हती.

मी तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा डॉक्टर बाहेरगावी होते, दुसऱ्यांदा फाइल सापडत नव्हती आणि तिसऱ्यांदा डॉक्टर स्वतःच म्हणाले, "दुसरीकडे दाखवायला लागलात ना, मग तपासण्याही तिथेच नव्याने करून घ्या." बाबा बाहेर बाकावर बसले होते आणि त्यांनी हे सगळे ऐकले. ज्या माणसाने आपला जीव वाचवला त्याच्याशी वाद नको, असे ते घरी आल्यापासून म्हणत आहेत. मलाही भांडण नको आहे, केवळ कागद हवे आहेत. कायद्याने ते मागता येतात का, आणि मागायचे तर कसे?

सिव्हिल लाइन्सचा वकील

ताई, कागद मागण्याचा हक्क तुमच्या बाबांचा आहे. त्यात डॉक्टरांच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास तिची पोच देऊन ७२ तासांत कागद द्यावे लागतात. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, परंतु ते त्याच महिन्यात स्थगित झाल्यामुळे २००२ चेच नियम लागू आहेत. तुमचे प्रकरण चौदा महिन्यांचे असल्याने "फाइल नष्ट केली" हे उत्तर त्यांना देता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला नोंदी नाकारता येत नाहीत. नक्कल करण्याचा खर्च मात्र रुग्णालय घेऊ शकते.

आतापर्यंत तुम्ही तोंडी मागणी केली आहे आणि तोंडी मागणीचे ७२ तास मोजता येत नाहीत. बाबांच्या सहीचा अर्ज करा, त्यातच तुम्हाला कागद घेण्याचा अधिकार देत असल्याचे लिहा आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. आवक घेण्यास नकार दिला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवा. मूळ फाइल मागू नका, कारण ती रुग्णालयाकडेच राहते. तुमचा हक्क प्रतींवर आहे.

वर्धा रोड

वकीलसाहेबांचे म्हणणे योग्य आहे, परंतु इतके सौम्य राहून उपयोग होतो असा माझा अनुभव नाही. सरळ कायदेशीर नोटीस पाठवा आणि ग्राहक आयोगात जा.

सिव्हिल लाइन्सचा वकील

दादा, ग्राहक आयोगाचा किंवा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा मार्ग खुला आहेच आणि कागद नाकारणे हे कौन्सिलपुढे गैरवर्तनच ठरते. पण तिथल्या निकालाला वेळ लागतो आणि हर्नियाची शस्त्रक्रिया तोवर थांबवता येणार नाही. त्याआधी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करावी, कारण शहरातील खासगी रुग्णालयांची नोंदणी तिथेच होते आणि शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनंतर रुग्णहक्कांची सनद रुग्णालयांना लागू आहे. मात्र पहिल्या अर्जात तक्रारीचा एक शब्दही नसावा. अर्जात राग दिसला की फाइल डॉक्टरांच्या टेबलावरून त्यांच्या वकिलाकडे जाते, आणि मग साध्या नकलेलाही महिने लागतात.

निवृत्त परिचारिका, मेडिकल चौक

बाई, मी अनेक वर्षे वॉर्डात आणि शेवटी रेकॉर्ड विभागात काम केले, म्हणून सांगते. फाइल नावावर नव्हे, तर आयपीडी क्रमांकावर, म्हणजे रुग्ण भरती होताना मिळणाऱ्या क्रमांकावर लावलेली असते. तुम्ही नुसते नाव सांगितले असेल, तर "सापडत नाही" हे उत्तर कदाचित खरेही असेल. डिस्चार्ज कार्डाच्या वरच्या कोपऱ्यातील क्रमांक आणि भरतीची तारीख अर्जात लिहा. "सर्व कागद द्या" असेही लिहू नका. अँजिओग्राफीचा अहवाल, अँजिओप्लास्टीची नोंद, कॅथलॅबची (जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या कक्षाची) सीडी आणि स्टेंटच्या खोक्यावरचे स्टिकर अशी नावे घालून मागा. ते स्टिकर आम्ही केसपेपरवर चिकटवत असू.

आणखी एक. आज रात्रीच घरातले अंतिम बिल काढून पाहा. २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली, तेव्हापासून बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवून त्याचे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक लिहावा लागतो. मेडिक्लेम घेतला असेल, तर विमा कंपनीकडेही फाइलच्या प्रती गेलेल्या असतील. घरात जुने ईसीजी असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा, कारण तो कागद उष्णतेने पुसट होतो आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर कपाटातही टिकत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कागद मिळेपर्यंत गोळ्या स्वतःहून थांबवू नका.

मनीषनगरची लेक

सर्वांचे मनापासून आभार. बिल बाबांच्या पेन्शनच्या फाइलमध्ये सापडले. त्यावर एकाच स्टेंटचे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक आहे, आणि तो औषधी लेप असलेला असल्याचे भूलतज्ज्ञांनी फोटो पाहूनच सांगितले. कोणत्या रक्तवाहिनीत बसवला हे मात्र बिलावर नाही, त्यामुळे अर्ज केलाच. काल बाबांनी स्वतःच्या हाताने सही केली आणि काउंटरवरच्या मुलाने आयपीडी क्रमांक पाहून न बोलता शिक्का मारला. ७२ तास शुक्रवारी सकाळी अकराला पूर्ण होतात. त्या वेळी मी तिथे असेन.